एक इंची पाईपाची दोन तोंडं

साहेब, खोटं तुम्ही बोललात.

पाणी चोरीला गेलं, असं तुम्ही सहीशिक्क्यानिशी कागदावर लिहिलंत. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या नळांना चार-चार दिवस सुस्कारासुद्धा येत नव्हता. तुमच्या बंगल्यामागच्या वस्तीच्या नावानं निघालेला टँकर मात्र रोज सकाळी तुमच्या हौदात रिता होत होता. ते कागदावर आलं नाही. का? तर मुंबईचे पाहुणे दुष्काळ बघायला येणार होते, आणि दुष्काळ बघून दमल्यावर चहा प्यायला त्यांना हिरवळ लागणार होती.

त्या हिरवळीची ही गोष्ट आहे. आणि ती प्रेमाची गोष्ट आहे. नवल वाटून घेऊ नका. तुमच्या आवारात तेवढी एकच गोष्ट खताशिवाय वाढली.

दाक्षायणी ही बंगल्यावरच्या माळ्याची, गुरप्पाची, लेक. माणसं अक्कलकोटकडची, घरात कानडी, दारात मराठी. बंगल्याच्या मागं, हौदाला लागून पत्र्याची एक खोली होती, तिच्यात बाप आणि लेक राहायचे. तिची अव्वा, म्हणजे आई, जाऊन सहा वर्षं झाली होती. गुरप्पाचा दम सरला होता. खाली वाकला की उठायला त्याला झाडाचं खोड धरावं लागे. म्हणून बाग लेक बघायची आणि नोकरी बापाच्या नावावर चालायची. बाग वाळली तर नोकरी गेली, नोकरी गेली तर खोली गेली. दाक्षायणीला हे झोपेतसुद्धा पाठ होतं.

होळी होऊन गेली आणि जुना पाईप उन्हानं तडकला. बाईसाहेब म्हणाल्या, "एक इंची आण. शंभर फूट. पाहुण्यांसमोर सुतळीसारखं पाणी पडलेलं चालायचं नाही."

कुंभारवेशीतल्या दुकानात पाईपांची वेटोळी छतापर्यंत रचलेली. त्यातल्या एका वेटोळ्यावर एक पोरगेला माणूस बसला होता. काळा, उंच, डोक्याला तांबडा पटका.

"एक इंची द्या. शंभर फूट," दाक्षायणी म्हणाली.

"नळ केवढ्याचा हाय?"

"नळाएवढा."

"नळाएवढा नळ तर समद्यांकडंच असतोय. तोंड केवढं त्याचं? करंगळी जाती का अंगठा जातोय?"

"मी काय नळात बोटं घालून बसते का?"

"बसत नसशीला तर आज बसा की. करंगळी गेली तर अर्धा इंची, अंगठा गेला तर पाऊण." त्यानं खिशातनं दोरा काढून तोडला. "न्हायतर ह्यो घ्या. नळाच्या नाकाला भाईरनं गुंडाळा, मिळंल तितं गाठ मारा. पाईप नळात घालायचा नसतोय, नळावर चढवायचा असतोय. म्हणून भाईरचं माप पायजे."

"एवढ्यासाठी मी दोन मैल परत जाऊ? ह्या उन्हात?"

"चुकीचा नेला तर शंभर फूट डोक्यावर घिऊन परत यावं लागंल. त्यापरीस दोरा हलका हाय."

ती तणतणत गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा दोरा मनगटाला बांधलेला होता, हरवू नये म्हणून. त्यानं तो सोडवून घेतला. सोडवताना बोटं मनगटाला लागू नयेत म्हणून इतकी काळजी घेतली, की... की तिला ती काळजीच लागली.

"पाऊण," तो म्हणाला.

"बाईसाहेब एक इंची म्हणाल्यात."

"बाईसाबास्नी सांगा, नळ अर्ध्याचा हाय. त्याला इंची लावला तर पाणी आत लोळत येतंय, तोंडाला जोर न्हाय. आन् अर्ध्याचा लावला तर शंभर फुटांत पाणी दमतंय, पोचस्तवर रडाय लागतंय. पाऊण इंची दमत बी न्हाय आन् लोळत बी न्हाय. माणूस बी तसाच बघून घ्यावा."

"माणूस घ्यायला मी कुंभारवेशीत आले नाही."

"आलाय कशाला मग दोनदा?"

तिला हसू आलं. तिनं ते पदराच्या शेवात दाबलं, पण उशीर झाला होता.

दुकानाची एक रीत होती. पाईप विकण्याआधी अख्खा लांब सोडायचा, एका टोकानं दुकानदाराच्या माणसानं फुंकायचं आणि दुसरं टोक गिऱ्हाइकानं गालाला लावायचं. वारा सपाट आला तर पाईप अखंड. तुटक आला तर कुठंतरी भोक. तो दुकानाच्या मागच्या खणात गेला. ती दारात टोक गालाला धरून उभी राहिली. शंभर फूट काळोख्या रबरातनं त्याचा श्वास आला... ऊन, ओला, थोडासा शेंगदाण्याच्या वासाचा.

तिनं टोक कानाला लावलं. आणि पाईप बोलला.

"नाव काय तुमचं?"

ती दचकली. इकडंतिकडं बघून तिनं टोक तोंडाशी नेलं. "पाईपाला कशाला सांगू?"

"पाईप कुणाला सांगत न्हाय."

"दाक्षायणी."

"मी सिद्धनाथ. वारा बराबर आला का?"

"आला."

"मग आजून एकदा बघा. खात्री केलेली बरी."

साहेब, तुम्ही मुंबईला फोन लावता तेव्हा ऑपरेटर मध्ये ऐकत असते. ह्या दोघांच्या मध्ये कोणी नव्हतं.

मग बंगल्याच्या नळाला रोगच लागला. आज वायसर, उद्या क्लिप, परवा झारीचं तोंड. दुकानाचे शेठ एकदा म्हणाले, "काय गं, बंगल्यात नळ आहे का गळकं धरण?" तिनं मान खाली घालून वायसर निवडला, आणि सिद्धनाथनं मागच्या खणात जाऊन एक पाईप उगाच तपासायला काढला.

समोरासमोर जे बोलता येत नाही ते तो पाईपातनं बोलायचा. सांगोल्याच्या माळावरचा धनगर. पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलं आणि कळप संपला. आई, केराबाई, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. "मेंढरू वरडत न्हाय मरताना," एकदा पाईपातनं आलं. "गप बसतंय, आन् बगत ऱ्हातंय. माणसाकडंच बगतंय." तिनं टोक कानापासून काढलं नाही.

एप्रिलात पाईपाचा जोड निसटला आणि तो बसवायला सिद्धनाथ बंगल्यावर आला. गवत त्यानं पाहिलं. एवढं हिरवं त्यानं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं चप्पल काढली, एक पाय गवतावर ठेवला, आणि विस्तव लागल्यासारखा उचलून घेतला.

मग त्यानं भिंतीपलीकडनं बायकांचा आवाज ऐकला. हौदावर चढून तो पलीकडं बघायला लागला. भिंतीच्या पलीकडं जमीन पुरुषभर खाली होती, आणि तिथं वस्ती. हिरवळीतनं निथळणारं पाणी मोरीच्या भोकातनं बाहेर झिरपत होतं. त्या चिखलात बायका फडकी बुडवत होत्या आणि घागरीत पिळत होत्या. फडकं बुडव, पीळ. फडकं बुडव, पीळ.

"काय बगतूस रं हिरो?" खालनं सोजरबाई ओरडली. तिची जीभ वस्तीत सगळ्यात तिखट. "तुज्या सायबाच्या गवताचं उष्टं पितोय आमी. ये, चव बघ!"

सिद्धनाथ उतरला. जोड बसवला. दाक्षायणीकडं न बघता पाना पिशवीत टाकला.

"माझ्याकडं असं न बघता जाऊ नका," ती म्हणाली. "हौद माझा नाही."

"हौद तुमचा न्हाय. पर पाईपाचं तोंड कुणाच्या हातात असतंय?"

तो गेला. ती आठ दिवस कुंभारवेशीकडं फिरकली नाही. रोज पहाटे गवताला पाणी घालायची आणि रोज भिंतीपलीकडं फडकं पिळल्याचा आवाज यायचा. आधीही येत होता. आधी तिला तो ऐकू येत नव्हता, एवढंच.

नवव्या दिवशी ती दुकानात गेली. शेठ जेवायला गेले होते.

"हौदातनं पाणी मोरीच्या भोकानं बाहेर काढायचं. साहेब उठायच्या आत पाव तास मिळतो. कुठला पाईप घेऊ?"

सिद्धनाथचा आवाज एकदम धंद्याचा झाला, कारण दुसरा कुठला आवाज त्याला काढता येईना.

"अर्धा इंची तोंडानं वडता येतोय. एकट्याचं काम. पर पाव तासात धा घागरी. एक इंची लावला तर चाळीसच्या वर."

"मग एक इंची."

"पर एक इंची तोंडानं वडत न्हाय. तेवढा दम माणसाच्या छातीत नसतोय. त्यो पाण्यानं भरून घ्यावा लागतोय. एकानं भाईरनं तळवा लावून तोंड बंद करायचं, एकानं आतनं तांब्यानं भरायचं. भरला की आतल्यानं बी तळवा लावायचा आन् टोक हौदात बुडवायचं. मग दोगांनी एकदम सोडायचं. एकानं आदी सोडलं, की हवा शिरली. संपलं. ह्याला दोन माणसं लागत्यात."

"एक मी आहे," दाक्षायणी म्हणाली.

पाईप त्यानं स्वतःच्या पगारातनं घेतला. काळा, चाळीस फुटी, एक इंची.

तांबडं फुटायच्या वक्ताला ती हौदाच्या काठावर उभी राहायची आणि तो भिंतीच्या पलीकडं, बायकांच्या घोळक्यात. एकमेकांना दिसायचे नाहीत. भरण्याआधी पाईप रिकामा असायचा, आणि तेवढा क्षण त्यांचा असायचा.

"दाक्षी..."

"हूं."

"झोप लागली का?"

"नाही. तुला?"

"मला बी न्हाय. बरं झालं."

मग तांब्यामागं तांब्या. पाईप भरून जड व्हायचा. ती तळवा लावून टोक बुडवायची, एकदा हिसका द्यायची, तिकडनं एक हिसका यायचा. "सोड." दोन तळवे एकदम उघडायचे, आणि पाणी हौदाचा काठ चढून पलीकडं जायचं. पलीकडनं पहिल्या घागरीचा आवाज आला की तिच्या अंगावर काटा यायचा. दिवसभर तळव्यावर रबराच्या तोंडाचा गोल वळ राही. भाकरी थापताना ती तो बघायची. तसाच एक त्याच्या तळव्यावर असणार.

गुरप्पाला हे ठाऊक होतं. तो पडल्यापडल्या खोकायचा, आणि पाणी सुटलं की खोकायचा थांबायचा.

एका पहाटे पाईपातनं आलं, "लगीन करशील?"

"कोणाशी?"

"पाईपाशी."

"अप्पा नाही म्हणतील. तुम्ही धनगर, आम्ही लिंगायत. तुमच्यात बकरं कापतात, आमच्यात कांदासुद्धा विचारून शिजतो."

"अप्पाचं ऱ्हाऊ दे. तू काय म्हणतीस?"

"अरं ए!" पलीकडनं सोजरबाई कडाडली. "लगीन मागनं कर! आदी पाणी सोड, हितं बाया खोळंबल्यात!"

बायका हसल्या. दुष्काळात त्या वस्तीत एवढं हसू कधी झालं नसेल. त्या गलक्यात दाक्षायणी "हूं" म्हणाली.

"ऐकू आलं न्हाय!"

"मग गप बस आणि तळवा लाव," ती म्हणाली, आणि तांब्या ओतला.

एकवीस सकाळी असं चाललं. पाहुण्यांच्या चार दिवस आधी हिरवळीचा कोपरा पिवळा पडला. साहेब, तुम्ही शिकलेले, पाण्याच्या खात्यात केस पांढरे झालेले. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. संध्याकाळी हौदाच्या आत खडूची रेघ मारलीत आणि सकाळी बघितलीत. पाणी रेघेच्या खाली चार बोटं.

दुसऱ्या पहाटे दाक्षायणीनं पाईप बाहेर सोडला, तांब्या उचलला, तोच पलीकडं धावाधाव झाली. पाईप तिच्या हातातनं हिसकला गेला. काठी बसल्याचा आवाज आला आणि त्याच्यावर सिद्धनाथचा आवाज, गरजेपेक्षा कितीतरी मोठा:

"मी एकटाच हाय! आत कुणी न्हाय! एकटाच!"

ती खोलीत पळाली.

दोन पोलिसांनी त्याला फाटकातनं आत आणलं. साहेब, तुम्ही व्हरांड्यात चहा घेत होतात. फाटकाशी वस्तीतल्या बायका जमल्या.

"आत कोण होतं?" तुम्ही विचारलंत.

"कुणी न्हाय. भित्ताडावरनं आत आलो, पाईप हौदात सोडला, भाईर जाऊन तोंडानं वडला."

तुम्ही पाईप हातात घेतलात. तोंडात बोट घालून बघितलंत. अंगठा गेला, आणि वर जागा उरली.

"हा एक इंची आहे."

"व्हय."

"एक इंची, चाळीस फूट, तोंडानं. एकट्यानं." तुम्ही कप बशीत ठेवलात. "ओढून दाखव. पाणी आलं तर तू खरा. नाही आलं तर आत कोण होतं ते सांगायचं."

पाईपाचं एक टोक हौदात टाकलं. दुसरं त्याच्या हातात दिलं, उताराला गुडघ्यावर बसवून. त्यानं ओढलं. पाणी काठापर्यंत चढलं आणि परत पडलं. त्यानं जिभेनं तोंड दाबून धरलं, नाकानं श्वास घेतला, पुन्हा ओढलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा गळ्याच्या शिरा दोऱ्यासारख्या झाल्या. पाचव्यांदा त्याला ठसका लागला आणि ओठाच्या कोपऱ्यातनं तांबडं आलं. एक पोलीस हसला.

"अवो, मरंल की त्यो!" सोजरबाई ओरडली.

"तोच म्हणतो एकट्यानं केलं," तुम्ही म्हणालात. "मी कुठं म्हणतो?"

दाक्षायणी खोलीच्या दारात उभी होती. गप्प राहिलं तर खोली राहत होती, बापाची नोकरी राहत होती, कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं. तो घेणारही नव्हता. मरेपर्यंत ओढत राहील पण घेणार नाही, हे तिला दिसत होतं. गुरप्पानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"बेड, दाक्षी," तो कानडीत पुटपुटला. "नको पोरी."

तिनं बापाची बोटं एकेक करून सोडवली. तांब्या घेतला आणि हौदाच्या काठावर चढली. तिनं पाईपाचं टोक पाण्यातनं बाहेर काढून उंच धरलं.

"तळवा लाव," ती म्हणाली.

सिद्धनाथनं मान हलवली. नाही. नाही. डोळ्यांत पाणी, हनुवटीवर रक्त.

"त्या दिवशी ऐकू आलं नाही म्हणालास ना? आता सगळ्यांसमोर ऐक. हूं. हूं म्हणतेय मी. लाव तळवा."

त्यानं तळवा लावला.

तिनं तांब्या भरून ओतला. कोणी हललं नाही. दुसरा ओतला, तिसरा ओतला... पाईप जड झाला. तिनं टोक बुडवलं, हिसका दिला. एक हिसका परत आला.

"सोड."

पाणी आलं. जाड, सबंध, एक इंची. तुमच्या व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेलं. आणि फाटक ढकलून, पोलिसाच्या देखत, सोजरबाईनं पहिली घागर लावली.

सात घागरी भरेपर्यंत कोणाला काही सुचलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "बंद करा." पोलिसांनी सिद्धनाथला जीपमध्ये घातलं. जबाबासाठी नेतो, म्हणाले. जीप वळताना त्यानं काहीतरी म्हटलं, पण मध्ये पाईप नव्हता आणि इंजिन चालू होतं.

दुपारपर्यंत खोली रिकामी करून घेतली. पाहुणे ठरल्या दिवशी आले. पिवळ्या कोपऱ्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. चहा झाला.

गुरप्पा दुधनीला बहिणीकडं गेला. स्टेशनवर लेकीशी एक शब्द बोलला नाही. गाडी हलल्यावर मात्र खिडकीतनं हात बाहेर आला आणि फलाट संपेपर्यंत आत गेला नाही.

दाक्षायणी चौकीवर गेली. "दुपारीच सोडला त्याला," म्हणाले. दुकानात गेली. त्याचं घोंगडं खुंटीला होतं. तो आला नव्हता. मग ती सांगोल्याच्या माळावर गेली, खडीच्या कामावर. तिथं केराबाईनं हातोडी खाली ठेवून तिलाच विचारलं, "माजं पोरगं कसं हाय?"

ती तिथंच राहिली. आता सासू-सुनेसारख्या दोघी एका ढिगावर बसतात; सासू-सून असं कोणी म्हणत नाही. फिर्याद तुमची, म्हणून त्याचा ठावठिकाणा विचारायला तिनं तुमच्याच कचेरीत अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. त्याचं उत्तर आलं: "अर्जदाराचे सदर इसमाशी नाते नमूद नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

केराबाईला वाचता येत नाही. "काय म्हणत्यात?"

"विचारतात, मी त्याची कोण."

"मग लिव्ह की."

दाक्षायणीनं दगडावर कागद ठेवला. हळद लागली नव्हती, अक्षता पडल्या नव्हत्या. तिनं लिहिलं: बायको.

"काय लिवलंस?"

तिनं सांगितलं. केराबाई बराच वेळ दगड फोडत राहिली. मग जरा सरकली, आणि सावलीचा अर्धा तुकडा तिला मोकळा करून दिला.

साहेब, तो तिसरा अर्ज तुमच्या टेबलावर पडून सत्तर दिवस झाले. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर तिनं एका शब्दात, सहीनिशी दिलंय. आता तिला द्या. दुपारी सोडला म्हणता, तर कुठं सोडला? कुठल्या रस्त्यावर, किती वाजता? तो आपल्या पायांनी उतरला, की उतरवून ठेवला? कोणी ठेवला?

सांगा.